उणे एकशे एकवीस

सकाळी आठला दहा मिनिटं होती आणि दीप्ती शिरसाटचं गणित मांडून झालं होतं. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात रंगांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं काम करते आहे. नवी प्रक्रिया आली की आधी कागदावर तिची मुक्त ऊर्जा काढायची. प्रक्रियेतल्या उष्णतेच्या आकड्यातून तापमान आणि एन्ट्रॉपीतला, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणातला, बदल यांचा गुणाकार वजा करायचा. उत्तर उणे आलं तर प्रक्रिया होऊ शकते. अधिक आलं तर त्या तापमानाला तिचा नाद सोडायचा. आजचं उत्तर होतं उणे एकशे एकवीस किलोजूल.

"मॅडम, मायनस ना?" मालकांचा पुतण्या सुशांत समोशाचा तेलकट हात तिच्या कागदावर टेकून वाकला.

"हो."

"म्हणजे रिअॅक्शन होणार?"

"होणार. पण जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर पडणार. ती ओढून घ्यायला आपल्या जुन्या रिअॅक्टरचं थंड पाणी पुरेल का, ते यात कुठेच नाही. पाणी कमी पडलं तर टाकी फुटेल."

"अहो, मायनस आलं ना! कशाला टेन्शन घेता?"

तो गेला. कागदावर पाच बोटं उमटली होती. दीप्तीने कागद चिमटीत धरून टोपलीत टाकला आणि गणित पुन्हा लिहून काढलं.

तिचे वडील ठाकुर्लीच्या वीजघरात बॉयलरवर होते. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा पट्टा होता. पाहुणे आले की ते भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवत. कुणाच्या चुकीने भाजलं, ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही.

अकरा वाजता ती खाली प्लांटमध्ये उतरली. कडू बदामासारखा वास नेहमीचाच. रिअॅक्टरला मात्र ताजं कुंकू लावलेलं होतं, खाली नारळ फुटलेला, त्याच्या पाण्यावर माश्या. ऑपरेटर काळुराम, जवळच्या संदप गावचा, रिअॅक्टरमध्ये अॅसिड सोडणाऱ्या पंपापाशी हातमोजे चढवत होता.

"कोणी सांगितलं चालू करायला?"

"तुमीच ना! सायब बोलले, मॅडमनी हिशेब केलाय, आकडा उना आलाय, म्हंजी भ्याचं काय नाय."

आकडा दीप्तीचाच होता आणि बरोबर होता. सुशांतच्या त्या तेलकट हाताने तो उचलून इथवर आणला होता.

"काळुराम, मलंगगडावरून धोंडा सोडला तर खाली येईल ना?"

"येल की."

"माझा आकडा एवढंच सांगतो. वाटेत कोण उभं आहे, ते नाही सांगत."

काळुरामने पंपाकडे पाहिलं, मग नारळाकडे. "म्हंजी वाटंत मीच हाय म्हना." त्याने हातमोजे काढले, पंपाचा फ्यूज उपटला आणि तिच्या हातात ठेवला. "घ्या. आता सायबांना सांगा, काळ्या घाबरला."

सुशांत धावत आला. "मुहूर्त झाला, नारळ फुटला, आणि आता थांबायचं? माल घेणाऱ्या पार्टीला मी मेल केलाय, मॅडमनी सेफ सांगितलंय म्हणून!"

"मी 'होणार' सांगितलं. 'सेफ' तुमच्या तोंडचं. पार्टीला तसं कळवा, नाहीतर मी कळवते. आधी पाण्याची ट्रायल घेऊ, थंडावा किती मिळतो ते मोजू."

त्याने काळुरामकडे पाहिलं. काळुराम हातमोज्यांची घडी घालत होता.

"बरं, घ्या ट्रायल," सुशांत म्हणाला. "पण रिपोर्टमध्ये तेही मायनसच दाखवा हां."

जाताना तो मुहूर्ताचा पेढा तिच्या टेबलावर ठेवून गेला, सकाळी त्याची बोटं टेकली होती त्याच जागी. तिने तो टोपलीत टाकला आणि साबणाने हात धुतले. पेढ्याचा वास गेला नाही, म्हणून पुन्हा धुतले.

उद्या सकाळी सातच्या पाळीत त्या रिअॅक्टरमध्ये अॅसिड जाणार नाही. साधं पाणी साठ अंशांपर्यंत तापवायचं, थंड पाणी सोडायचं आणि दर मिनिटाला तापमान टिपायचं. काटा काळुराम वाचणार आहे. पंपाचा फ्यूज दीप्तीच्या अॅप्रनच्या खिशात असेल.