परड्यातलं पाणी

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शाश्वत विकास शिकवतो. पहिल्या तासाला सांगायचं ते ठरलेलं: आपली गरज अशी भागवा की पुढच्यांच्या गरजेला धक्का लागू नये, आणि टाकून दिलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठंतरी असतेच. दुसऱ्या तासाला मी आमच्या घराचं उदाहरण देत असे. खरं सांगायचं तर जरा मिरवतच देत असे.

आमचं गाव चांदीच्या पैंजणांचं. वडील घराच्या पुढच्या सोप्यात बसून पैंजण घडवतात. कामाच्या जागेवरचा केर आमच्याकडं कधी बाहेर टाकला नाही. तो डब्यात साठवायचा, कारण त्यात चांदीचा कीस असतो. जेवायला उठताना हात धुवायचे तेही घमेल्यात. पाणी निवळलं की तळाचा गाळ त्याच डब्यात. खाली बसायचं जुनं बसकरसुद्धा जाळून त्याची राख चाळायची. काहीही वाया न घालवणारी माणसं बघायची असतील तर आमच्या घरी चला, असं मी वर्गात म्हणायचो. यंदा खरंच वर्ग घेऊन गेलो.

वडिलांनी सगळं हौसेनं दाखवलं. पोरं भराभरा लिहून घेत होती. एका मुलीनं लिहिता लिहिता थांबून विचारलं, "पैंजण ज्या ॲसिडात उजळता, त्याचं पाणी कुठं टाकता?"

"परड्यात," वडील म्हणाले. "आणि कुठं टाकणार? चाळीस वर्सं तितंच वततोय की."

घरामागच्या त्या परड्यातच आमचा आड आहे. त्याचं पाणी कडू लागायला लागलं तेव्हा आम्ही त्यावर फळ्या टाकल्या आणि पाण्याचे कॅन सुरू केले. हे ॲसिडामुळंच असणार, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी शिकवतोच ते. पण वडिलांना काही बोललो नाही, घरात वाद नको होता. भिंतीपलीकडं शेजारच्या काकूंचा आड आहे, त्या घरात अजून तेच पाणी पितात आणि त्यांची लेक बाळंतपणाला आली आहे, हेही मला माहीत होतं. माहीत असणं इतकं सवयीचं झालं होतं की त्याचं काही वाटतच नव्हतं.

मुलीनं उत्तर लिहून घेतलं. वर्गाला एसटीत बसवून दिलं आणि मी काकूंच्या दारात गेलो. लेक उंबऱ्याशी बसून शेंगा सोलत होती. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो घेतला नाही.

"काकू, आडाचं पाणी पिऊ नका. तपासून घेऊया. आमच्या परड्यातलं ॲसिड त्यात उतरलं असेल."

त्यांनी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमचा आड बंद केलासा, तवा तुला हे म्हायती हुतं?"

"होय."

"त्याला पाच वर्सं झाली की रं."

मी मान हलवली. शरम वाटायला हवी होती. दाढ काढायच्या आधी तोंड बधिर करतात, तसं नुसतं जड वाटत होतं. लेकीनं शेंग हातातच धरली होती.

"माझ्या थोरल्या पोरीच्या येळंला मी हितंच हुते," ती म्हणाली. "नऊ म्हैनं. तवाबी म्हायती हुतं?"

"होय," मी म्हणालो.