साडूंनी लिहिलेल्या चार ओळी

अख्ख्या परभणी जिल्ह्यात कशालाही चांगलं न म्हणणारा माणूस एकच, आणि ते नेमके माझे साडू. वाईटही म्हणत नाहीत, हे सांगायला हवं. बोरीच्या शाळेत गणित शिकवतात आणि उरलेल्या वेळात फुकटच्या सॉफ्टवेअरची वर्णनं लिहितात. देशोदेशीचे हौशी लोक प्रोग्रॅम तयार करून जगाला वाटून टाकतात. एखादा प्रोग्रॅम आपल्या कामाचा आहे की नाही, हे कळायला प्रत्येकासोबत चार ओळी लागतात. त्या साडू लिहितात, पदरचं इंटरनेट जाळून. "काय करतं, कुणासाठी, काय करत न्हाई. बास. सोपं का सर्वोत्तम ते वाचणारा ठरवील," म्हणतात. शिवाय लिहिलेलं आधी दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्यायचं, हा नेम.

ही खोड घरातही शिरली. पुरणपोळी कशी झाली विचारलं की उत्तर यायचं, "हरभऱ्याची डाळ, गूळ. दोनात पोट भरतं." मेव्हणी लाटणं आपटायची. पुतणीच्या लग्नाच्या बायोडेटातलं 'सुंदर, सुशील' खोडून त्यांनी लिहिलं, 'उंची पाच फूट एक इंच. बी.एस्सी. लवकर रागावते.' घरात रणकंदन झालं. लग्न मात्र त्याच कागदावर जमलं.

मग मेव्हणीला कॅन्सर झाला आणि डॉक्टर महिन्यांची भाषा बोलू लागले. एका दुपारी माझ्यासमोरच ती म्हणाली, "आवो, साऱ्या जगाचं लिवायलाव. माज्याबद्दल बी चार ओळी लिवा की. मी कशी हाय ते एकदा वाचू द्या मला."

आठवड्याने साडू कागद घेऊन परभणीला माझ्याकडे आले. "साडूभाऊ, तपासा." नाव, माहेर सोनपेठ, शिवणकाम येतं, आणि शेवटी: 'बाई चांगली आहे.' उभ्या जन्मात त्यांनी कुणाला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र असावं. मला मेल्याला थट्टा सुचली. 'चांगली' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिलं, 'पुरावा?'

ते हसले नाहीत. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले आणि कागदाची घडी करून निघून गेले. मला वाटलं, घरी जाऊन वाचून दाखवतील. नवव्या दिवशी मेव्हणी गेली. कागद तिला दाखवलाच नव्हता. ते पुरावे गोळा करत बसले होते. त्या थट्टेची मला अजून लाज वाटते.

दिवसकार्य उरकल्यावर पुन्हा बोरीला गेलो, तर त्यांनी अकरा पानं हातात दिली. 'पाथरीच्या एसटीत तिला मळमळायचं, तरी खिडकी मला द्यायची.' 'माझ्या वर्गातल्या दोन पोरांना शर्ट शिवून दिले. मला सहा वर्षांनी कळलं.' 'रिपोर्ट आला त्या संध्याकाळीही माझी बीपीची गोळी आठवणीने दिली.' पुढचं मला वाचवेना.

"म्या लय बारीक बघितलं, साडूभाऊ," ते म्हणाले. "आता तो शब्द ठेवता येईल का?"

"ठेवा," मी म्हणालो.

त्यांनी तो पहिला कागद काढून माझी रेघ खोडरबराने पुसली, त्यावर फुंकर मारली आणि तिला वाचून दाखवायला म्हणून सवयीने उठले. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.