पिकोवाल्या काकूंचे गुंतलेले हात

“माझे हात गुंतलेत बाई. तूच दाब.”

आमच्या हसनाबादच्या बाजारगल्लीत हे वाक्य दिवसातून पन्नासदा कानावर पडायचं. आणि म्हणणाऱ्या काकूंचे हात खरोखरच गुंतलेले असायचे. पिकोच्या मशीनवर साडीचा काठ दोन्ही हातांनी ताणून धरलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. काठ सुटला तर टाका वाकडा जातो, म्हणून हात काही सुटायचे नाहीत. समोर उभी असलेली बाई मोबाईल पुढे करायची आणि काकू नुसत्या हनुवटीनं खुणावायच्या. “वरून खाली बोट ओढ. दात्यांचं चाक, सेटिंगचं, दिसून राह्यलं का? तेच दाब.”

त्यांचं पिको-फॉलचं दुकान आणि माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान एकाच शेडमध्ये. मधे फक्त एक पत्रा. माझ्या बाजूला काचेचं काउंटर, हीट गन, दुर्बिणीसारखं यंत्र, आणि जालन्यात सहा महिने खोली करून राहून मिळवलेलं सर्टिफिकेट, तेही फ्रेम करून. त्यांच्या बाजूला एक मशीन, एक स्टूल आणि रिळांचा डबा. आणि गर्दी तिकडे. आता तुम्हीच सांगा, माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

मी जळायचो. वाईट वाटायचं, खंत वाटायची असले सोज्वळ शब्द मी वापरणार नाही. शेजारच्या शेताला पाणी सुटलेलं बघून आपल्या पोटात जे होतं, तेच मला रोज सकाळी दहापासून व्हायचं.

मोबाईलबरोबर मी मिक्सर-रिमोटही दुरुस्त करायचो. एकदा एक बाई बंद पडलेला मिक्सर कडेवर घेऊन थेट माझ्या पायरीपर्यंत आली होती. तेवढ्यात पत्र्यापलीकडून आवाज आला, “काय झालं गं?” बाई तिकडे वळली. “शेंगदाणे वाटता वाटता बंदच पडला, काकू.” “उलटा कर. बुडाला लाल बटन हाये बघ, ते दाब. जादा भरलं का ते सुटतं. मशीन बिघडत न्हाई, फक्त रुसतं. थोडे थोडे टाकत जा.” बाईनं बटण दाबलं. माझ्या दारात आलेला मिक्सर तसाच कडेवर बसून घरी गेला.

रिमोटचंही तेच. टीव्ही लागत नाही म्हणून कोणी आलं की काकू म्हणायच्या, “रिमोट मेला का टीव्ही, ते पहिले बघ. फोनमधला सेल्फीचा कॅमेरा लाव, रिमोटचं तोंड त्याच्याकडं कर अन् बटन दाब. उजेड लुकलुकला तर रिमोट जित्ता हाये.” ही युक्ती मी कोर्समध्ये शिकलो होतो आणि कोणालाही फुकट सांगायची नाही असं ठरवलं होतं. ती यांना कुठून कळली, हे कोडं मला दोन वर्षं सुटलं नाही.

बरं, त्या माझं गिऱ्हाईक पळवत होत्या म्हणावं तर तेही नाही. उलट पाठवायच्या. एका शेतकऱ्याचा फोन जनावरांच्या हौदात पडला. ओला फोन तांदळात ठेवावा असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. आमच्याकडे घरात पोत्यानं असते ती ज्वारी, म्हणून त्यानं तो ज्वारीत खुपसला. त्या ज्वारीला किडे लागू नयेत म्हणून बायकोनं बोरिक पावडर चोळून ठेवलेली. चार दिवसांनी फोन बाहेर काढला तर चार्जिंगच्या भोकात पावडर बसून सिमेंट झालेलं. काकूंनी साडीवरून मान वर न करता सांगितलं, “ज्वारी भाकरीची असती बाबा. फोन ओला झाला का बंद करायचा, पुसायचा अन् पंख्याखाली ठेवायचा. चार्जिंगला लावायचा न्हाई. आता ते माझ्या हातचं न्हाई, भाऊकडं ने. भाऊ बराबर करतील.”

भाऊ म्हणजे मी. भाऊंनी फोन बराबर केला. पण शेतकरी जाताना पत्र्यापलीकडे डोकावून म्हणाला, “काकू, झाला बरं का.” माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बायांकडून त्या आणखी एक गोष्ट पाठ करून घ्यायच्या. फोनवरून पैशाचा व्यवहार शिकायला आलेली कोणीही असो, आधी ती म्हणून दाखवायची. “पैसे यायचे असले तर पिन लागत न्हाई. पिन मागितला का समजायचं, आपले जाऊन राह्यले.” हे म्हणून घेतल्याशिवाय काकू पुढचं काही सांगायच्या नाहीत. बाजाराच्या दिवशी तर पाच-सहा जणी एका सुरात म्हणायच्या आणि मला इकडे सोल्डरिंग करता करता ते ऐकून घ्यावं लागायचं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गावानं काकूंना विचारलं तरी मी एकवेळ सोसलं असतं. पण माझी सख्खी माय त्यांच्याकडे जात होती.

मला कळलं ते हिरव्या साडीमुळे. माय ती साडी पिशवीत घालून काकूंकडे गेली, फॉल लावायला. आठ दिवसांनी तीच साडी, तीच पिशवी. पंधरवड्यानं पुन्हा. एका साडीला तिसऱ्यांदा फॉल लागताना बघून मी पत्र्याला कान लावला. पिशवीतून साडी नव्हे, मी घेऊन दिलेला मोबाईल निघाला होता. “फोन कोणाचा हाये, ताई?” काकू विचारत होत्या. “माझा.” “मंग तो तुमच्याशी इंग्रजी कामून बोलून राह्यला? चाकात जा. भाषा म्हणून असल, तिथं मराठी दाबा.” माझी माय चौथीपर्यंत शिकलेली. ती एकेक अक्षर लावत गेली, आणि थोड्या वेळानं दोघी हसल्या. मायला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

घरी जेवताना मी विषय काढला. “घरात मोबाईलचा माणूस असताना तुला दारोदार कशाला जावं लागतं?”

मायनं भाकरी मोडली. “तुला दिला का तू हातातून हिसकून घेतो. दोन मिन्टात करून परत देतो. मला त्यात काय कळलं?”

“काम होतं ना?”

“होतं. पण तुझं होतं.”

यावर खरं तर गप्प बसून विचार करायला हवा होता. मी विचार केला तोही वाकडाच केला. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या, दाढीचा फेस तोंडावर असताना, मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “बाया पिकोवाल्या काकूंसमोर पिन दाबतात म्हणे. काकूंच्या मनात काही नसेल. पण डोळे तर आहेत ना माणसाला?” एवढंच. न्हाव्याच्या दुकानात यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य हातपाय फुटून गावभर फिरून आलं.

दोन दिवस पलीकडे फक्त मशीनचा आवाज होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायला आलो तर पलीकडून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर काकूंनी मशीन फिरवलं होतं. रस्त्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड. मला बघून म्हणाल्या, “इकडून उजेड बरा येतो, भाऊ.” त्या भिंतीला खिडकी नव्हती.

त्या दिवसापासून कोणी आलं की काकू पाठमोऱ्याच म्हणायच्या, “माझे हात गुंतलेत अन् डोळेबी. तुझ्या फोनवर काय दिसून राह्यलं ते वाच. मी सांगते.” बाया परत येऊ लागल्या. वाचता येणाऱ्या वाचायच्या, न येणाऱ्या वर्णन करायच्या. कोणी म्हणायची कागदाचं विमान आहे, कोणी म्हणायची तीन ठिपके आहेत एकाखाली एक. काकू भिंतीकडे बघत सांगायच्या, “तीन ठिपके म्हणजे आणखी काहीतरी आत हाये. दाब, घाबरू नको, फुटत न्हाई.” महिनाभरात बाया अशा तयार झाल्या की एकमेकींनाच शिकवू लागल्या. माझी चहाडीसुद्धा त्यांच्याच उपयोगी पडली होती. एवढं यश माझ्या सर्टिफिकेटला कधी आलं नव्हतं.

मीच बोललो हे त्यांना कळलं असणार. गाव केवढं, न्हावी एकच. पण चार वाजता चहा मागवला की पत्र्यावर दोनदा टकटक करून माझा कप त्या पूर्वीसारखाच पाठवायच्या. तो चहा मी प्यायचो, आणि तो मला कधी गोड लागला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात त्यांचा मुलगा कामाला होता. सूनबाईला दिवस गेलेले, म्हणून त्यानं आईला बोलावून घेतलं. माझ्या त्या वाक्यामुळे त्यांचं गावातून मन उडालं का, हे मी विचारलं नाही. टेम्पोत मशीन चढवायला मात्र मी हात लावला. शेवटचं दुकानाकडे बघत काकू पत्र्यावर हात ठेवून म्हणाल्या, “या पत्र्याचे लई उपकार हायेत माझ्यावर.” मला अर्थ लागला नाही. माफीचं एक वाक्य मी सकाळपासून तयार करून ठेवलं होतं. ते तोंडातून निघालं ते असं, “मोटरची वायर जपा, काकू.”

नंतर माझ्या दुकानात गर्दी वाढेल असं मला वाटलं होतं. वाढली नाही. सगळ्यांना सगळं येतच होतं.

महिनाभरानं एका दुपारी माय दुकानात आली. हातात पिशवी नव्हती, साडी नव्हती, उघडा मोबाईल होता. “पिंपळगावची ताई मला दिसते, पण मी तिला दिसत न्हाई. काहीतरी दाबल्या गेलं.” पिंपळगाव रेणुकाईला माझी बहीण दिली आहे. माय पहिल्यांदाच माझ्याकडे विचारायला आली होती, आणि मला इतका आनंद झाला की मी लगेच हात पुढे केला.

तिनं फोन छातीशी धरला. “हात मागं घे. तोंडानं सांग.”

मी सांगायला लागलो. “ते... तिथं जायचं. मग ते असतं ना, तसं करायचं...” पुढे गाडी सरकेना. बोटांना सगळं येत होतं, तोंडाला शब्द सापडत नव्हता. मायनं फोन छातीपासून खाली घेतला. मग म्हणाली, “तू एकटा काम करताना बडबडतो, तसं बडबड.”

“मी बडबडतो?”

“दिवसभर. पहिले बंद कर, मंग चाकात जा, मंग हे दाब, मंग ते दाब. ती पिकोवाली तेच ऐकून तर शिकली सगळं. पत्र्याआडून. मला म्हणायची, ताई, तुमच्या पोरानं मला शिकवलं, त्यालाच ठाऊक न्हाई.”

मी हातातला पेचकस खाली ठेवला. लाल बटण, रिमोटचा उजेड, ओला फोन, सगळं माझंच होतं. दोन वर्षं मी माझ्याच अकलेवर जळत होतो.

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“तुला सांगितलं असतं तर तू बडबडायचं बंद केलं असतं.”

हे खरं होतं. मी एक मेलेला फोन उघडला, दोन्ही हात त्यात घातले, पत्र्याकडे तोंड केलं आणि बडबडू लागलो. चाकात जा. ॲप लिहिलंय तिथं जा. ज्याच्यावरून ताईला फोन लावते ते दाब. परवानगी. कॅमेरा. माय मागे उभी राहून अक्षर लावत होती. “नाकारलं हाये इथं.” “मग वरचं दाब, परवानगी द्या.” “दिली.”

आता ती ताईला फोन लावेल म्हणून मी ऐकत राहिलो. तिनं लावला काकूंना. मी पुन्हा जळलो, पण या वेळी हात त्या मेलेल्या फोनमध्येच ठेवले.

पलीकडून सूनबाईचा आवाज आला, तिनं फोन मशीनसमोर टेकवून दिला आणि मशीनची घरघर ऐकू आली. मी मान वळवून बघितलं, पडद्यावर साडीचा काठ आणि दोन हात. “आज दिसून राह्यल्या! कोणी करून दिलं, ताई?” काकूंचा आवाज आला.

“मीच केलं,” माय म्हणाली. “हा बसलाय इथं. हात गुंतलेत त्याचे.”

मशीन थांबलं. काठ सुटला. काकूंनी फोन उचलला असावा, कारण पडदा हलला आणि त्यावर एक कपाळ आणि चष्म्याची एकच काच दिसू लागली. गावाला फोन शिकवणाऱ्या बाईला फोन धरता येत नव्हता. तिनं कधी धरलाच नव्हता. मायनं फोन माझ्याकडे फिरवला.

“लांब धरा, काकू,” मी म्हणालो. “कोपर सरळ करा.”

“असं?”

“अजून थोडं.”

हळूहळू दुसरी काच आली, नाक आलं, मग अख्खा चेहरा. थोडा वाळलेला, पण तोच. “आता बराबर दिसून राह्यले का? बोला, भाऊ.”

टेम्पोपाशी तोंडात राहिलेली एकच गोष्ट मला त्यांना सांगायची होती, आणि नेमकी तीच बोटांनी करून देता येत नव्हती.