घुंगरांची टोपी

आखातातल्या आमच्या फहाहीलच्या घरात कपाट आवरताना घुंगरांची टोपी वाजली आणि माझं डोकंच फिरलं.

वीस वर्षांपूर्वी जवळच्याच अहमदी शहरात, जर्मन सहकारी क्लाउसच्या घरी कार्निव्हलच्या सणाला, हीच विदूषकाची टोपी घालून तो त्यांच्या रिवाजाप्रमाणे थट्टेचं भाषण करायला रिकाम्या पिंपात उभा राहिला. “परक्या सैन्याच्या राज्यात आमचे लोक त्यांच्यासारखेच गणवेश घालून त्यांची टर उडवायचे. विदूषकाला सगळं माफ!” म्हणत त्याने आमच्या साहेबांची नक्कल केली. साहेब पोट धरून हसले.

मला वाटलं, हा तर आमचा कोकणातला शिमगा! मीही टोपी चढवून तीच नक्कल केली. साहेब तडक उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. क्लाउसने टोपी मलाच देऊन टाकली.

साहेबांपेक्षा चीड माझीच येते. ‘पुन्हा कुणाची नक्कल करणार नाही’ असं लिहून दिलं, आणि निमूटपणे आजवर पाळलं.