कोपऱ्यातले दोन शब्द

हसणार नसाल तर सांगतो. नाशिकच्या कोर्टात वीस वर्षं वकिली केली, आणि माती खाल्ली ती फक्त दोन शब्दांत.

एकलहऱ्याच्या गंगूबाई माझ्या पक्षकार. शेवंतीचा मळा, आणि दिराबरोबर सामाईक विहीर. दीर म्हणे, बाईंनी पाण्याचा हक्क लिहून सोडलाय. पुरावा काय? एक झेरॉक्स. मूळ कागद कुणी पाहिलेलाच नाही. पाणी गेलं की मळा गेला, एवढी साधी गोष्ट.

अशी झेरॉक्स पुराव्यात घेतली जात असतानाच हरकत नोंदवून घ्यायची असते. नाहीतर पुढे अपिलात तो मुद्दा कुणी ऐकून घेत नाही. हे मी ज्युनिअरांना शिकवतो, बरं का.

त्या दिवशी मी उठून असा काही कडाडलो, की मागच्या बाकावरचे दोघे झोपेतून जागे झाले. न्यायाधीश म्हणाले, "युक्तिवादाच्या वेळी पाहू." मी ऐटीत खाली बसलो.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "साहेब, तुम्ही बोलले ते कागदावर आलं का?"

"मावशी, अख्ख्या कोर्टानं ऐकलंय."

"ऐकलं हो. पण लिव्हलं का?"

मी नुसता हसलो. ते हसू आठवलं की आजही मान खाली जाते.

खटला हरलो. अपिलात मी पुन्हा तोच मुद्दा काढला. न्यायाधीशांनी फाईल चाळली. "हरकत कुठे नोंदवलीय?"

"तोंडी घेतली होती, साहेब."

"मग हे अक्षर कुणाचं?"

झेरॉक्स दाखल करायच्या अर्जावर, कोपऱ्यात, माझ्याच झोकदार अक्षरात 'हरकत नाही'. खाली सही.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. समोरचा वकील माझा दोस्त. सकाळी चहा पिता पिता आम्ही एकमेकांच्या तारीख मागायच्या अर्जांवर न वाचता हेच लिहून देतो. त्या सकाळी त्यानं हा अर्ज सरकवला, मी तारखेचा समजून लिहून मोकळा. त्यानं फसवलं म्हणू? वाचायला कुठे अडवलं होतं त्यानं?

मागे बाई बसल्या होत्या. मला फार लाज वाटली.

पुढच्या तारखेआधी त्या ऑफिसात आल्या. हातात दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र. वकील बदलायचा तर जुन्याची लेखी संमती लागते.

"मावशी, रागावलात?"

"राग नाय साहेब. मळा वाचवायचा हाय." त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं लिव्हा, हरकत नाही. ते तर तुम्ही लगेच लिव्हता."

तो कागद मात्र मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि मगच लिहिलं.