मिथेनॉलवर चाललेलं पहिलं जहाज

पंधरा वर्षं समुद्रावर काढून मी गुडगावच्या ऑफिसात रुजू झालो, तेव्हा जो तो विचारायचा, "तिथे कुठे आलाय समुद्र?" समुद्र नव्हताच. पण जहाजं सांभाळणाऱ्या आमच्या कंपनीचं ऑफिस तिथे होतं आणि चौदाव्या मजल्यावर राहायला फ्लॅट. खिडकीतून अर्धवट बांधलेले टॉवर दिसत, मध्येच शिल्लक राहिलेलं मोहरीचं शेत. बायकोची नोकरी पुण्यात, मुलीची शाळा पुण्यात. रविवारी तर तोंडातून शब्दही निघायचा नाही.

मराठीत बोलणं व्हायचं ते एका चीफ इंजिनिअरांशी. देवगडचे. मी नवखा असताना त्यांनीच मला इंजिनरूम शिकवली होती. आता त्यांचं मालवाहू जहाज काळ्या, जड तेलाऐवजी मिथेनॉलवर चालवायचं ठरलं होतं. प्रदूषण कमी होणार होतं. ऑफिसातून ते काम मी पाहत होतो; चाचणीच्या परवानगीवर माझी सही लागायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अरे, कागदावर सगळं पास आहे. पण पाइपाच्या एका जोडाची मला खात्री वाटत नाही."

"गळतोय?"

"अजून नाही. काळं तेल पेटलं तर दिसतं तरी. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही. माझी माणसं पळणार कशापासून?"

मी साहेबांकडे गेलो. बंदरात पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते.

"यार, सर्टिफिकेट है ना?" साहेब म्हणाले.

"है, सर. लेकिन मैं साइन नहीं करूँगा."

चाचणी पुढे ढकलली. त्या आठवड्यात जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी बसलं नाही. मग जोड उघडला. आतलं रबर चुकीच्या प्रकारचं बसवलेलं होतं, पाइपात भरलेल्या मिथेनॉलने फुगून मऊ पडलेलं. साहेबांनी त्याचा फोटो मला पाठवला, खाली एक अक्षरही न लिहिता.

अखेर चाचणी झाली ती ऐन दिवाळीत. ऑफिसात मी एकटाच. दुपारी फोन वाजला.

"चाललं रे! धुराड्यातून नुसती हवा थरथरतेय. पांढरा शर्ट घालून डेकवर उभा आहे मी, एक डाग नाही!"

मी इतक्या मोठ्याने हसलो की रिकाम्या हॉलमध्ये माझाच आवाज मला परका वाटला. लगेच बायकोला फोन लावला. "अरे वा!" ती म्हणाली, "पाहुणे आलेत, नंतर बोलू?" खाली उतरून गार्डला सांगितलं. तो म्हणाला, "बहुत अच्छा, साहब," आणि गेट उघडायला गेला. बाहेर धुरकं एवढं दाट होतं की समोरची इमारत दिसत नव्हती.

त्या चाचणीनंतर चीफ निवृत्त झाले. पुढे आम्ही आणखी तीन जहाजं मिथेनॉलवर आणली. नवे इंजिनिअर मेल लिहायचे, नेमक्या, मुद्देसूद. फोन करायची कुणाला गरजच पडली नाही.