फळ्यावरची सुमन

बोरीवलीच्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेत बातम्यांचा फळा सिस्टरांकडे होता. मी तिथं झाडू मारते. मला वाचता येत नाही, म्हणून सोमवारी फळा लावताना त्या मला बातम्या सांगायच्या, तोंडात टाचण्या धरूनच.

"मावशी, चौथीच्या पोरी गाण्यात पहिल्या आल्या. आणि नाताळच्या नाटकात मेंढ्या जास्त झाल्यात, मेंढपाळच मिळत नाही."

"मग मला घ्या की."

"तू गोठ्यातच झोपशील."

सहामाही संपली की त्या सगळे फोटो उतरवायच्या. खालच्या कोपऱ्यातला एक तेवढा राहू द्यायच्या. तो माझ्या सुमनचा, सातवीत पळण्यात पहिली आली तेव्हाचा. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. घरात तिचा दुसरा फोटो नाही. मी एकदा मागितला.

"देते," त्या म्हणाल्या. "पण इथं तिला रोज पोरी बघतात गं."

मग मी परत मागितला नाही.

मे महिन्यात त्यांच्या बदलीचं पत्र आलं. सिस्टर लोकांचं तसंच असतं, एक बॅग उचलायची आणि निघायचं. जायच्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातल्या चारही टाचण्या काढल्या आणि फोटो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"नव्या सिस्टर तिला ओळखत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

आता सुमन घरी आहे. सोमवारी मी फळ्यापाशी जरा जास्त वेळ झाडते. नव्या सिस्टर काही न सांगता टाचण्या लावतात आणि जातात. चौथीच्या पोरींचं पुढं काय झालं, मला कळत नाही.